मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच सुरू होत नाही, तेव्हा...

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले, त्या वेळी दूरचित्रवाणी संच ही मोजक्या घरांतील अपूर्वाईची वस्तू होती. संच एका घरात आणि प्रेक्षक साऱ्या आळीचे, असे चित्र तेव्हा सर्वत्र दिसे. १९८२ साली रंगीत प्रक्षेपणास प्रारंभ झाला, पुढील दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, आणि काचेच्या जड चित्रनलिकेची जागा हळूहळू भिंतीवर टांगता येणाऱ्या सपाट पडद्याने घेतली. पडदा मोठा झाला, संच सडपातळ झाला. मात्र त्याच्या अंतर्रचनेविषयीची सर्वसामान्य माणसाची माहिती त्या प्रमाणात वाढली नाही. म्हणूनच एके दिवशी कळ दाबूनही पडदा काळाच राहिला, की घरातील मंडळी गोंधळून जातात.

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या गोखिवरे परिसराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भातशेतीच्या या गावाभोवती गेल्या काही दशकांत औद्योगिक गाळे, चाळी आणि बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. कारखान्यांत राबणाऱ्या, रोज पहाटे लोकलने मुंबई गाठणाऱ्या येथील कुटुंबांच्या दृष्टीने मोठ्या पडद्याचा संच ही बहुधा हप्त्यांनी घेतलेली, वर्षभराच्या काटकसरीची वस्तू असते. तो बंद पडला म्हणजे करमणूक थांबते एवढेच नव्हे; घरखर्चाची घडी विसकटते. दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. साऱ्या शहराचा कचरा ज्या कचराभूमीवर जातो, ती भोईदापाड्याची जागा याच गोखिवऱ्यात आहे. एक संच अवेळी निकालात निघाला, की त्याचे ओझे अखेर याच मातीवर येण्याचा धोका असतो.

वास्तविक, सुरू न होणारा प्रत्येक संच बिघडलेला नसतो. दोष कधी भिंतीतील सॉकेटमध्ये असतो, कधी रिमोटच्या सेलमध्ये, तर कधी संचालाच क्षणभर पडलेल्या भुलीत. तपासणी बाहेरून आत, म्हणजे विजेच्या उगमापासून पडद्यापर्यंत, क्रमाने केली तर दोष कोठे आहे हे संचाचा एकही स्क्रू न काढता पुष्कळदा उमगते.

आधी वीज, मग संच

प्रथम घरातील इतर दिवे चालू आहेत काय, ते पाहावे. केवळ एकाच खोलीतील वीज गेली असेल, तर वितरण पेटीतील एम.सी.बी. खाली पडला आहे का, ते तपासावे. तो पुन्हा पुन्हा खाली पडत असल्यास बळेच वर करून ठेवू नये. तो धोक्याचा इशारा देत असतो. यानंतर संचाचा प्लग काढून त्याच सॉकेटमध्ये टेबलावरील दिवा अथवा मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. तो चालला नाही, तर दोष संचात नसून सॉकेटमध्ये आहे.

येथे अनेकांची एक गैरसमजूत होते. टेस्टर लावला, त्यातील दिवा लागला, म्हणजे वीज आली असे मानले जाते. टेस्टर केवळ फेजची तार जिवंत असल्याचे सांगतो. विजेचे मंडल पूर्ण होण्यासाठी न्यूट्रलची तारही शाबूत असावी लागते आणि ती तुटली असली तरी टेस्टर पेटतोच. म्हणून दिवा लावून पाहण्याची साधी कसोटी अधिक भरवशाची ठरते.

संच एक्स्टेन्शन बोर्डावर लावला असेल, तर तो काही काळ थेट भिंतीतील सॉकेटला जोडून पाहावा. बोर्डातील सैल पट्ट्या, काळवंडलेल्या पिना आणि प्लग हलवताच होणारा चरचर आवाज ही दोषाची लक्षणे होत. मध्ये स्टॅबिलायझर असल्यास त्याकडेही लक्ष द्यावे. वीज परत आल्यावर काही स्टॅबिलायझर मुद्दाम दोन-तीन मिनिटे थांबून पुरवठा सुरू करतात. त्या अवधीत संच निर्जीव भासतो, इतकेच. ज्या संचांची वायर मागील बाजूस काढता-घालता येते, त्यांची ती टोकाची जोडणीही पक्की बसली आहे का, हे पाहावे.

लाल दिव्याची भाषा

वीज संचापर्यंत पोहोचत असल्याची खात्री झाली, की पडद्याखालील चिमुकल्या दिव्याकडे वळावे. बहुतेक संचांत तो लाल असतो आणि त्याच्या तीन अवस्था तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

दिवा स्थिर लाल असेल, तर संच विश्रांतीच्या अवस्थेत आहे. वीज मिळते आहे. फक्त सुरू होण्याची आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी दोष बहुधा रिमोटचा असतो. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात, ते मोबाईलच्या कॅमेऱ्याला मात्र दिसतात. रिमोटचे टोक कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. मोबाईलच्या पडद्यावर फिकट जांभळट ठिणगी दिसली, तर रिमोट चालू आहे. काही मोबाईलच्या मागील कॅमेऱ्यात हे किरण गाळले जातात, तेव्हा पुढील कॅमेरा वापरावा. ठिणगी दिसली नाही, तर आधी सेल बदलून पाहावेत. याखेरीज प्रत्येक संचावर हाताने दाबावयाची कळ बहुधा असतेच. ती पडद्याच्या खालच्या कडेला मध्यभागी किंवा पाठीमागे कोपऱ्यात दडलेली असते. त्या कळीने संच सुरू झाला, तर मोठ्या दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल आणि तेच चक्र पुन्हा सुरू होत असेल, तर संचाने स्वतःची तपासणी करून दोष हेरलेला असतो. किती वेळा लुकलुकतो, ते मोजून कागदावर टिपून ठेवावे. या खुणांचा अर्थ प्रत्येक कंपनीगणिक वेगळा असतो. त्या कंपनीच्या तंत्रज्ञाला मात्र या एका आकड्यावरून बरेच काही कळते.

दिवा मुळीच लागत नसेल आणि सॉकेट ठीक असेल, तर वीज आत शिरल्यावर अडते आहे. अशा वेळी दोष प्रायः संचाच्या वीजपुरवठा मंडलात असतो, आणि ते काम जाणकाराचेच आहे.

संचाला पडलेली भूल

आजचा स्मार्ट संच हा एक संगणकच आहे. रिमोटने बंद केला तरी तो पूर्णपणे झोपत नाही. त्यातील प्रोसेसर अर्धजागृत राहतो. वीज क्षणभर जाऊन परत आली, तर हा प्रोसेसर मध्येच अडकून पडतो आणि कोणत्याही कळीला दाद देत नाही. उपाय सोपा आहे. भिंतीवरील स्विच बंद करून प्लग काढावा, संचावरील कळ सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावी आणि पाच-दहा मिनिटे थांबून प्लग पुन्हा लावावा. मधल्या वेळात आतील मंडलात उरलेला विद्युतभार ओसरतो आणि प्रोसेसर नव्याने आरंभ करतो.

आवाज आहे, चित्र नाही

कधी संच सुरू होतो, पण पडदा काळाच राहतो. रिमोटवरील मेनूची कळ दाबून पाहावी. पडद्यावर यादी उमटली, तर संच निर्दोष आहे; सेट-टॉप बॉक्स बंद आहे, त्याची केबल निसटली आहे, किंवा चुकीचा इनपुट निवडला गेला आहे.

आवाज येतो आणि मेनूही दिसत नाही, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर अगदी जवळून तिरका टॉर्च धरावा. एल.ई.डी. म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांत चित्र निर्माण करणारा थर स्वतः प्रकाशत नाही. त्यामागील बारीक दिव्यांच्या पट्ट्या त्याला उजेड पुरवतात. टॉर्चच्या प्रकाशात पुसट हलते चित्र दिसले, तर पडदा शाबूत असून मागचे दिवे गेले आहेत. हे दिवे बहुधा माळेसारखे एकामागून एक जोडलेले असल्याने त्यांतील एक निकामी झाला तरी सारी माळ विझू शकते. या पट्ट्या बदलता येतात. पडद्यालाच तडा गेला असेल, तर मात्र त्याची किंमत पुष्कळदा नव्या संचाच्या जवळ जाते. हा भेद ग्राहकाला ठाऊक असला, म्हणजे ‘पडदाच गेला’ या एका वाक्यावर नवा संच घेण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. ओएलईडी प्रकारच्या संचात प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्याने ही कसोटी तेथे लागू पडत नाही. दिव्यांवरचा ताण कमी करण्यासाठी पडद्याची उजळता नेहमी कमाल पातळीवर ठेवू नये.

पावसाळा आणि विजेचा दाब

किनारपट्टीच्या दमट हवेत विद्युत उपकरणांची कसोटी लागते. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय झाला, नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचले आणि अनेक भागांतील वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. अशा प्रसंगी भिजलेला किंवा ओल चढलेला संच ‘चालतो का ते पाहू’ म्हणून सुरू करणे हा सर्वांत महाग पडणारा मोह होय. ओलसर मंडलात वीज शिरताच दुरुस्त होण्याजोगा संचही जळून जातो. पाणी आत गेल्याचा संशय असल्यास प्लग काढून ठेवावा आणि तंत्रज्ञास दाखवूनच संच सुरू करावा. झिरपणाऱ्या भिंतीवर संच टांगू नये. अन्य भिंतीवरही मागे हवा खेळण्यास जागा सोडावी. आकाशात विजा कडाडत असताना स्विच बंद करून भागत नाही. विजेचा प्लग आणि छतावरून येणारी केबल दोन्ही काढून ठेवावीत.

बहुमजली इमारतींत आणखी एक धोका संभवतो. वीज तीन फेजनी इमारतीत येते आणि प्रत्येक घराला एक फेज व एक न्यूट्रल मिळून सुमारे २३० व्होल्टचा दाब मिळतो. इमारतीची मुख्य न्यूट्रल तुटली, तर हा समतोल ढळतो. काही घरांत दाब घसरतो, तर काही घरांत तो ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. एका घरातील दिवे एकाएकी प्रखर व्हावेत आणि शेजारच्या घरातील मंदावेत, हे त्याचे लक्षण होय. तत्क्षणी मुख्य स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना सावध करावे आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. त्या एका मिनिटाच्या तत्परतेने अनेक घरांतील संच वाचतात.

मागचे झाकण उघडू नये

आतापर्यंत सांगितलेली तपासणी कोणीही करू शकतो. मागचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. वीजपुरवठा मंडलातील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युतभार साठलेला असतो, आणि मंडल बिघडलेले असल्यास प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. घरातील गळती-रोधक स्विचही या साठलेल्या विजेपासून संरक्षण देऊ शकत नाही. जळका वास, धूर अथवा तडतड आवाज आल्यास संचाला हात न लावता प्रथम वीज तोडावी. संच भिंतीवरून उतरवताना दोघांनी मिळून तो उभाच धरावा. पडद्यावर बोटांचा दाब पडला तरी तो तडकू शकतो.

दुरुस्तीचा हक्क आणि टाकाऊ संचाची विल्हेवाट

तंत्रज्ञास बोलावण्यापूर्वी खरेदीची पावती व हमीपत्र शोधून ठेवावे. हमीच्या मुदतीत बाहेरच्या माणसाकडून संच उघडून घेतल्यास हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. मुदत उलटली असल्यास खर्चाचा लेखी अंदाज मागावा आणि बदललेले जुने सुटे भाग परत घ्यावेत. विक्रेता वा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालाबाबत त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही.

इतके करूनही संच दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल, तर तो घरातील कचऱ्यात किंवा भंगारात देऊ नये. जुन्या चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते, तर सुरुवातीच्या काही सपाट संचांतील प्रकाशनळ्यांत पारा. असा संच फोडला वा जाळला गेला, की ही विषारी द्रव्ये हवेत, मातीत आणि पाण्यात मिसळतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरातून बाद झालेल्या संचांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण संस्थेकडे संच सोपवल्यास त्यातील तांबे, अॅल्युमिनियम आणि काच पुन्हा उपयोगात येते.

विजेची तपासणी, लाल दिव्याचे निरीक्षण, पाच-दहा मिनिटांची विश्रांती आणि टॉर्चची कसोटी या चार पायऱ्यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. तेवढ्या धीराने एखाद्या कुटुंबाचे काही हजार रुपये वाचतील आणि गोखिवऱ्याच्या कचराभूमीकडे निघालेला एखादा संच पुन्हा घरातील भिंतीवर उजळेल. नागरिकांनी ही माहिती आपल्या शेजाऱ्यांपर्यंत, विशेषतः घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांपर्यंत पोहोचवावी.