जुन्या डिझेल मोटारीची गाळणी : रोग कोठें व औषध कोठें

बैल विकत घ्यावयाचा झाल्यास आपण त्याचे दांत पाहतों, खूर उचलून पाहतों आणि औताला जुंपून चालवून घेतों. परंतु तोच मनुष्य तीन-चार वर्षें वापरलेली डिझेल मोटार घ्यावयास गेला म्हणजे रंग, टायर व किलोमीटरचा आंकडा एवढेंच पाहून बयाणा देऊन मोकळा होतो. आम्हींही असेंच केलें आणि त्याची किंमत मोजली. तो अनुभव शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

ता. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत नव्या मोटारींस भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. पूर्वीच्या स्टेज ४ मध्यें डिझेलच्या प्रवासी मोटारीनें दर किलोमीटरास २५ मिलिग्रॅमपर्यंत सूक्ष्म कण धुरांत सोडलेले चालत. स्टेज ६ मध्यें ती मर्यादा ४.५ मिलिग्रॅमवर आली. हें साधण्यासाठीं धुराच्या मार्गांत एक गाळणी बसवितात. कारखानदार तिला डीपीएफ म्हणतात. ती मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची असून तिचीं भोकें एकाआड एक बंद केलेलीं असतात. त्यामुळें धुरास भिंतींतून पाझरूनच बाहेर पडावें लागतें व काजळी आंत अडकते. ती पुरेशी सांचली म्हणजे मोटारींतील संगणक जादा डिझेल सोडून गाळणी सुमारें ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितो व काजळी जाळून टाकतो. मोटार सडकेवर पंधरा-वीस मिनिटें एकसारखी चालली तर हें काम बहुधा पुरें होतें.

आम्हीं घेतलेली मोटार २०२० सालची होती. तिसऱ्याच महिन्यांत समोरच्या तक्त्यावर गाळणीचा पिंवळा दिवा लागला. एका कारागिरानें स्कॅनर लावून काजळी जाळून दिली. पंधरा दिवसांनीं दिवा पुन्हां हजर! दुसऱ्यानें गाळणीच नवी घालावी लागेल असें सांगून जो खर्च सांगितला, त्यांत आमच्या विहिरीवर नवा पंप बसून पैसे उरले असते. तिसरा म्हणाला, "भाऊसाहेब, गाळणी कापून आंतून पोकळ करून देतों. कटकटच नको."

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. नोंद केल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. काजळी जळूं लागली म्हणजे उभ्या मोटारीचें इंजिन थोडें जलद फिरतें, पंखा घोंघावतो व उष्ण वास येतो. तसें दिसलें कीं आम्ही किलोमीटरचा आंकडा वहींत टिपूं लागलों. पहिलें अंतर ३०० किलोमीटर पडलें, नंतर २२०, मग १४०. गाळणी इतक्या लवकर भरते, त्या अर्थीं इंजिनच काजळी जास्त करीत आहे, हें वहीनें सांगितलें. त्याच सुमारास पुण्याहून परततांना खंबाटकी घाटांत मोटार पूर्वीसारखी ओढीना आणि बॉनेटखालून शीळ घातल्यासारखा आवाज येऊं लागला. हें सर्व ऐकून एका वृद्ध मेकॅनिकनें टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी चाचपली. तिच्या खालच्या अंगास तेलकट डाग व बोटभर चीर सांपडली. हवा वाटेंतच निसटत होती आणि डिझेल मात्र पडत होतें. म्हणून ही काजळी. जुन्या धाटणीच्या मोटारींत अशा वेळीं काळा धूर दिसून मालक सावध होत असे. येथें तो धूर गाळणी गिळते व रोग झांकला जातो. नळी बदलली, ऑईल बदललें, एकदां काजळी जाळून घेतली. त्यानंतर दिवा लागला नाहीं आणि वहींतील अंतर ४०० च्या वर गेलें.

यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, गाळणी भरणें हें पुष्कळदां केवळ लक्षण असतें. मूळ रोग इंजिनांत किंवा वापरांत असतो. म्हणून तपासणी पुढील क्रमानें करावी.

पहिला, वापर. घरापासून मळ्यापर्यंत चार किलोमीटर जाणें व येणें एवढाच रोजचा प्रवास असेल तर गाळणी तापतच नाहीं. अशा मोटारीस आठवड्यांतून एकदां तरी मोठ्या सडकेवर अर्धा तास न्यावें. काजळी जळत असतां इंजिन बंद करूं नये.

दुसरा, ऑईल. ऑईलची पट्टी काढून पहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर आनंद मानूं नये. काजळी जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहून डिझेल ऑईलमध्यें उतरलें असण्याचा संभव असतो. पातळ झालेलें ऑईल बेअरिंगें खातें.

तिसरा, हवा व डिझेल. हवेचा फिल्टर, टर्बोच्या नळ्या व इजीआर झडप पहावी. इंजेक्टरांतून परत येणारें डिझेल निरनिराळ्या बाटल्यांत धरावें. ज्याची बाटली इतरांहून फार लवकर भरते तो इंजेक्टर संशयित समजावा.

चवथा, दाबमापक. गाळणीच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक हा मोजतो. इंजिन बंद व किल्ली चालू असतां स्कॅनरवर हा आंकडा शून्याजवळ पाहिजे. तसा नसेल तर गाळणीपूर्वीं मापकाचीच चौकशी करावी. इंजिन जलद केलें असतां आंकडा वाढला पाहिजे. मुळींच न वाढल्यास मापकाची नळी निसटली आहे किंवा गाळणी पोकळ आहे.

एवढें निर्दोष ठरल्यावरच गाळणीकडे यावें. काजळी जळते, परंतु ऑईलपासून होणारी राख जळत नाहीं. ती गाळणी उतरवून यंत्रानें धुवावी लागते. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेलें कमी राखेचें ऑईलच घालावें.

मोटार विकत घेतांना पांढरें फडकें बोटास गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडांत फिरवावें. गाळणी शाबूत असेल तर तें फारसें काळें होत नाहीं. काजळीनें माखलें तर गाळणी फुटलेली किंवा काढलेली आहे असें धरून चालावें. स्कॅनरवर काजळी व राखेचें प्रमाण आणि मागील ज्वलनापासूनचें अंतर पहावें. सातबारा न पाहतां जमीन घेणें आणि हे आंकडे न पाहतां मोटार घेणें सारखेंच.

गाळणी पोकळ करून घेण्याच्या मोहास कोणीं पडूं नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वयें असा फेरफार करतां येत नाहीं, आणि मूळ रोग तर तसाच राहतो. दुसरें असें कीं, काजळी जळत असतां मोटार कधींही पाचटावर, वाळल्या गवतांत किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करूं नये. खालच्या नळीच्या धगीनें वाळला चारा पेट घेऊं शकतो.

दिवा लागला म्हणजे पैशाची पिशवी सोडण्यापूर्वीं वही उघडावी, एवढीच आमची विनंति आहे.