तेजींतला नफा आणि मंदींतल्या गिरण्या

एखाद्या धंद्यास वाईट दिवस आले म्हणजे त्याचें खापर कोणाच्या माथीं फोडावें याची मोठी घाई होते. १९२३ च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांस उतरती कळा लागली, आणि १९२९ सालीं जागतिक मंदी सुरू झाल्यावर तर त्यांचें दुखणें अगदीं विकोपास गेलें. मालकांनीं मजुरीच्या दराकडे बोट दाखविलें, व्यापाऱ्यांनीं सरकारच्या चलननीतीकडे व जपानकडे, आणि मजुरांच्या पुढाऱ्यांनीं मालकांकडे. प्रत्येकाच्या म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु सर्वांचें वजन सारखें नव्हतें.

या मंदीचा हिशेब तेजीपासून मांडावा लागतो. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत लँकेशायरचें कापड येणें कमी झालें, भाव चढले, आणि युद्ध संपल्यावरही कांहीं वर्षें गिरण्यांना सुगीच होती. १९२० सालीं मुंबईच्या कित्येक गिरण्यांनीं भागीदारांस शेंकडा चाळीस व त्याहून अधिक डिव्हिडंड वाटला. कांहींनीं तर शंभराचीही मर्यादा ओलांडली. म्हणजे ज्यानें शंभर रुपये गुंतविले, त्यास एकाच वर्षांत शंभर रुपये मिळाले आणि मूळचे शंभर जागच्या जागीं राहिले! अशा वेळीं जुनीं यंत्रें काढून नवीं बसवावीं, चार पैसे पुढच्या काळासाठीं बाजूस ठेवावे, हें काटकसरीनें संसार करणाऱ्या कोणत्याही गृहिणीस सुचलें असतें. पुष्कळशा गिरण्यांना तें सुचलें नाहीं. उलट तेजीच्या फुगलेल्या किंमती धरून त्यांनीं आपलें भांडवलही फुगवून ठेविलें.

असें कां झालें याचें उत्तर मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतींत आहे. गिरणी भागीदारांच्या मालकीची, पण कारभार सारा एजंटांच्या पेढीकडे. आणि तीही बहुधा बापाकडून मुलाकडे चालत आलेली. प्रारंभींच्या काळांत एजंटाचें कमिशन उत्पादनावर, दर रत्तलीं पाव आणा, असे ठरलेलें असे. सूत विकलें जावो वा वखारींत पडून राहो, कमिशन चालूच! पुढें तें विक्रीवर व नंतर नफ्यावर आकारण्याची चाल पडली, ही सुधारणा खरी. पण धंद्याच्या बऱ्यावाइटाशीं चालकाचें हित बांधलेलें नसावें, ही संवय एका पिढींत जाणारी नव्हती. याच पेढ्यांनीं अडचणीच्या वेळीं गिरण्यांना कर्जें दिलीं व मिळवून दिलीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

मालकांची एक तक्रार मात्र सर्वस्वीं खरी होती. देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून असलेला साडेतीन टक्क्यांचा कर १९२५ च्या अखेरीस थांबला. पण एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतलें गेलें. १९२७ च्या कायद्यानें रुपयाचा भाव १८ पेन्स ठरविण्यांत आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांचें मागणें १६ पेन्सचें होतें. दोन पेन्सांनीं काय होतें, असें घरबसल्या वाटेल. विलायतेंत एक पौंड किंमत असलेलें कापड १६ पेन्सच्या दरानें येथें १५ रुपयांस पडे. तेंच १८ पेन्सच्या दरानें १३ रुपये ५ आणे ४ पैंना पडूं लागलें. जकातीच्या पुस्तकाला हात न लावतां परक्या मालास ही सूट मिळाली.

जपानची गोष्ट याहून गुंतागुंतीची. डिसेंबर १९३१ मध्यें जपाननें सुवर्णचलन सोडलें, येनचा भाव घसरला, आणि जपानी कापड अतिशय स्वस्त झालें. हिंदुस्थान सरकारनें परदेशी, पण ब्रिटिशेतर, कापडावरील जकात १९३२ सालीं ५० टक्के व १९३३ सालीं ७५ टक्के केली. तेव्हां जपानच्या गिरण्यांनीं हिंदी कापूस घेणेंच बंद केलें. गिरणीवाल्यास तारावें तर कापूसवाला बुडतो, असा हा पेंच. शेवटीं १९३४ च्या करारानें जपाननें दहा लक्ष गांठी कापूस घ्यावा व साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवावें, असें ठरलें.

आणि तो कापूसवाला म्हणजेच गिरणीचें गिऱ्हाईक, ही गोष्ट त्या वादांत बहुतेकांच्या ध्यानांतून सुटली. वऱ्हाड-खानदेशांत कापसाचे भाव कोसळले. सारा व सावकाराचें व्याज मात्र रुपयांतच ठरलेलें, तें तसूभरही हललें नाहीं. सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें सुवर्णचलन सोडतांच सोन्याचा भाव चढला, आणि घरोघरच्या पाटल्या, गोठ, पुतळ्यांच्या माळा सोनाराकडून मुंबई बंदराकडे व तेथून परदेशीं चालत्या झाल्या. सरकारी हिशेबांत ही निर्यात शोभून दिसली. पण जी बाई पाटल्या मोडून सारा भरते, ती नवें लुगडें घेत नाहीं.

गिरणीच्या आंत भार कोणावर पडला? कापसाचा भाव बाजार ठरवी, व्याज पेढी ठरवी, कमिशन करारांत लिहिलेलें. चालकाच्या हातांत राहिली ती मजुरी. दोन मागांच्या ठिकाणीं तीन माग संभाळण्याची योजना आली आणि १९२८ सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख कामगार संपावर गेले. १९३३-३४ मध्यें पगारांना कात्री लागली. पुन्हां संप झाला. पहांटे फाटकावर बदलीची वाट पाहून रिकाम्या हातीं परतणारे पुष्कळ होते, आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर रत्नागिरीकडच्या गांवांतल्या चुली पेटत. मजुरी हें दुखण्याचें मूळ असतें, तर ती कापल्यावर तरी गिरण्या बऱ्या व्हायला हव्या होत्या. त्या झाल्या नाहींत. अहमदाबादेस हाच रुपया, हेंच जपान, हीच मंदी होती; पण तेथील गिरण्यांनीं तलम मालाकडे मोहरा वळविला, देशांतली बाजारपेठ त्यांना जवळ होती, आणि त्या मुंबईपेक्षां पुष्कळ सुस्थितींत राहिल्या.

मुंबईस हात दिला तो १९३९ च्या युद्धानें. लष्करी मागणी आली, रात्रपाळ्या सुरू झाल्या, आणि कापड इतकें महागलें कीं जून १९४३ मध्यें सरकारला त्यावर नियंत्रण घालावें लागलें. नफा पुन्हां वाटला गेला. अनेक गिरण्यांत सांचे मात्र जुनेच राहिले. ते पुढेंही कित्येक वर्षें तसेच फिरत होते. आजारी गिरण्या चालविण्यासाठीं १९६८ सालीं सरकारनें नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन काढलें, तेव्हां त्याच्या पदरांत पुढें ज्या गिरण्या पडल्या त्यांत मुंबईच्या कितीतरी होत्या.