थर्मोकपलच्या जोडतारांमुळे होणाऱ्या मापनत्रुटी

थर्मोकपलच्या प्रकाराशी न जुळणारी किंवा उलट जोडलेली तार वापरल्यास तापमानदर्शकावर चुकीचे तापमान दिसते. या त्रुटीस जोडतारेची मापनत्रुटी म्हणता येईल. महाराष्ट्रातील जालना हे पोलादी सळ्यांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. अशा रोलिंग मिलमध्ये बिलेट तापविणाऱ्या भट्टीचे तापमान मोजताना ही त्रुटी विशेष महत्त्वाची ठरते.

तत्त्व

दोन भिन्न धातूंच्या सांध्यांची तापमाने वेगळी असल्यास परिपथात विद्युतदाब निर्माण होतो, हे टॉमास योहान झेबेक यांच्या १८२१ मधील शोधातून पुढे आले. थर्मोकपल याच तत्त्वावर चालते. हा दाब केवळ टोकाच्या सांध्यात नव्हे, तर तारेच्या ज्या भागात तापमान बदलते त्या सर्व भागात निर्माण होतो. त्यामुळे थर्मोकपलच्या शीर्षापासून दर्शकापर्यंतची तारही मापनाचाच भाग असते. तिचे गुणधर्म थर्मोकपलशी जुळावे लागतात. त्यासाठी त्याच मिश्रधातूची एक्स्टेन्शन तार किंवा मर्यादित तापमानापर्यंत तसेच गुणधर्म दाखविणारी कॉम्पेन्सेटिंग केबल वापरतात.

त्रुटीचे प्रमाण

भट्टी ११५०° से., थर्मोकपलचे शीर्ष ६०° से. आणि दर्शक ३०° से. असल्यास त्रुटी साधारणपणे पुढीलप्रमाणे येते :

• 'के' प्रकारास साधी तांब्याची तार : ३३° कमी
• 'के' प्रकारास दोन्ही टोकांना उलट जोडलेली 'के' तार : ६५° कमी
• 'के' प्रकारास 'जे' तार : ९° जास्त
• 'एस' प्रकारास 'के' तार : ८७° जास्त

'एस' प्रकाराचा दाब दर अंशास फार थोडा असल्याने त्यात त्रुटी मोठी दिसते. शीर्ष व दर्शक यांचे तापमान समान असल्यास त्रुटी शून्य होते. म्हणून भट्टी थंड असताना दोष लक्षात येत नाही. भट्टीजवळचे शीर्ष तापल्यावर तो वाढतो.

परिणाम

वाचन प्रत्यक्षापेक्षा जास्त असल्यास इंधन कमी केले जाते, बिलेट पुरेसे तापत नाही आणि रोलवर ताण येतो. वाचन कमी असल्यास इंधन वाया जाते व पोलादावर ऑक्साइडची खपली वाढून धातूची घट होते.

ओळख आणि प्रतिबंध

तार एकाच टोकाला उलट जोडल्यास तापमान वाढताना वाचन उतरते व चूक लगेच कळते. दोन्ही टोकांना उलट जोडल्यास वाचन योग्य दिशेने चढते, त्यामुळे चूक लपून राहते. दर्शकाच्या टोकाशी कॅलिब्रेटर जोडून केलेल्या तपासणीत तारेचा दोष सापडत नाही. शीर्ष गरम करून वाचन बदलते का, हे पाहणे उपयुक्त ठरते.

केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे असते. आंतरराष्ट्रीय आयईसी मानकात 'के' तारेचे आवरण हिरवे असते, तर अमेरिकी मानकात ते पिवळे असून हिरवा रंग 'एस' प्रकारासाठी आहे. अमेरिकी मानकात लाल तार ऋण असते, जुन्या जर्मन मानकात मात्र ती धन होती. 'के' प्रकारातील ॲल्युमेलची ऋण तार सामान्य तापमानास चुंबकाकडे ओढली जाते, धन तार ओढली जात नाही. त्यावरून एक्स्टेन्शन तारेची ध्रुवता तपासता येते.