रिटर्न भरणं सामान्य माणसाला इतकं महाग का पडतं?

सप्टेंबर २०२५ संपत आला होता. शाळा सुटल्यावर आमच्या मोहल्ल्यातला फरशी बसवणारा एक भाई कागदांची पिशवी घेऊन घरी आला. "सर, तुम्ही बीएड आहात, एवढं वाचून सांगा." वर्षभरात ठेकेदाराने त्याला ३ लाख ६० हजारांचं काम दिलं होतं आणि १ टक्का टीडीएस, म्हणजे ३,६०० रुपये कापून सरकारजमा केले होते. खर्च वजा जाता त्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या पुष्कळ खाली. म्हणजे कर शून्य, पण कापलेले पैसे परत हवे असतील तर रिटर्न भरायलाच हवा. त्यासाठी एका एजंटाने १,२०० रुपये फी सांगितली, वर "तारीख गेली, आता १,००० दंड लागेल" असंही सांगितलं. स्वतःचेच ३,६०० मिळवायला २,२०० खर्च! वर एक दिवसाची मजुरी बुडणार ती वेगळी.

दंडाची गोष्ट खरी नव्हती. उशिराच्या रिटर्नला ५,००० रुपये, आणि उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये फी लागते हे खरं. पण ज्याचं उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या आत आहे आणि जो फक्त रिफंडसाठी रिटर्न भरतोय, त्याला ही फी लागत नाही. २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली, मग शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस वाढवला. त्यानंतरही ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न भरता येत होता. पण हे त्या भाईला सांगणार कोण?

इथेच खरी मेख आहे. पोर्टलवर रिटर्न भरायला सरकार एक रुपयाही घेत नाही. आपण पैसे मोजतो ते न कळण्याचे. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची कमाई, पण फॉर्मवर लिहायचं २०२५-२६, कारण ते 'असेसमेंट इयर'. मी स्वतः पहिल्या वर्षी इथेच चुकलो होतो. त्यात २०२० पासून नवी आणि जुनी अशा दोन करपद्धती. दोन्हीकडे हिशोब मांडून पाहिल्याशिवाय कुठे फायदा आहे ते समजत नाही.

शिवाय फॉर्म कोणता? पगारदारासाठी सगळ्यात सोपा आयटीआर-१, 'सहज'. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात कितीतरी शिक्षकांच्या नावावर दोन-चार एकर सोयाबीन आहेच. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे सगळ्यांना पाठ. मात्र ते ५,००० रुपयांच्या वर गेलं की 'सहज' चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. आणि दर ठरवताना ते उत्पन्न हिशोबातही धरलं जातं. करमुक्त उत्पन्न दाखवायचं कशाला, असं म्हणून लोक सोडून देतात.

आम्हा शिक्षकांचं आणखी एक दुखणं म्हणजे थकबाकी. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग २०१९ मध्ये लागू झाला तो १ जानेवारी २०१६ पासून, आणि फरक पाच हप्त्यांत. मागच्या वर्षांचे पैसे एकाच वर्षी आले की कर फुगतो. त्यावर कलम ८९ ची सवलत आहे, पण आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरला तरच. माझा रिटर्न ज्याने भरला त्याने सवलत घेतली, १०ई मात्र विसरला. काही महिन्यांनी कराची मागणी करणारी नोटीस माझ्या नावाने आली, त्याच्या नव्हे. दुरुस्तीची फी पुन्हा मीच दिली.

आपल्या घरांतल्या दोन-तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील. पहिली, नावाची. 'शेख' हे एकच नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. आधारवर ते पुढे, पॅनवर मागे, शाळेच्या दाखल्यावर मधे वडिलांचं नाव. नाव जुळलं नाही तर पॅन-आधार लिंक होत नाही. ३० जून २०२३ ची मुदत गेल्यावर असे पॅन निष्क्रिय झाले. निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही आणि टीडीएस २० टक्क्यांपर्यंत कापला जातो. लिंक करायला १,००० रुपये, आणि नाव दुरुस्तीचे हेलपाटे आणखी वेगळे.

दुसरी, व्याजाची. बरीच कुटुंबं बँकेचं व्याज स्वतः वापरत नाहीत, सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकतात. तो आपल्या दीनचा मामला. पण आयकर खात्याच्या लेखी ते तुमचंच उत्पन्न आहे आणि पॅनवरच्या एआयएस या माहितीपत्रकात ते दिसतं. रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर तफावतीचा मेसेज येऊ शकतो. जकातचंही तसंच. हाताने गरिबाला दिलेल्या जकातवर करात सूट नाही. ८०जी ची सूट फक्त नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर, तीही जुन्या पद्धतीत, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर नाही.

तिसरी, उमराहची. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस सुरू झाला. २०२५ मध्ये १ लाखाच्या पॅकेजवर ५ टक्के म्हणजे ५,००० रुपये टूरवाला वेगळे घ्यायचा. ते तुमच्या पॅनवर जमा असतात. अम्मी-अब्बांचं करपात्र उत्पन्न नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. मात्र पावती टूरवाल्याच्या नावाने नव्हे, आपल्या पॅनसह घ्या.

अशा गुंत्यातच "रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे" म्हणणारे फावतात. खोटं घरभाडं, खोटी देणगी दाखवून ते रिफंड काढतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा प्रकरणांत देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. एजंट निघून जातो. सही तुमची, पॅन तुमचा, आणि खोटी माहिती दिल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो.

कायदा सोपा करण्याचा प्रयत्न झालाय, नाही असं नाही. १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला, १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमं ८१९ वरून ५३६ आणि शब्द साधारण निम्मे. 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शब्द कमी झाले म्हणून फरशीवाल्या भाईला फॉर्म कळेल असं मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक पगारदारांना रिटर्न भरावाच लागत नाही, कर पगारातूनच नेमका कापला जातो. आपल्याकडेही सरकारजवळ बँक, पगार, टीडीएस सगळी माहिती असते, पण ती पडताळायची जबाबदारी आपल्यावर.

त्या भाईचा रिटर्न आम्ही रविवारी जोहरनंतर बसून भरला, आयटीआर-४, दोन तास लागले. पोर्टलवर मोबाइल नंबर जुन्या एजंटाचा होता, तो आधी बदलला. नाहीतर ओटीपी त्याच्याकडेच गेला असता. आधार ओटीपीने ३० दिवसांच्या आत पडताळणी करावी लागते, ती लगेच केली. बँक खातं मात्र मंजूर होईना, कारण खात्यावर त्याचं नाव वेगळ्या स्पेलिंगने आहे. त्यासाठी तो आता बँकेत जाणार आहे, पासबुक आणि आधार घेऊन.