देवनागरी नाव आणि संगणकाची विस्मृती

आज्ञावलीत टंकाचा आकार, कळफलक वा ध्वनिमुद्रणाची पातळी ठरवून द्यावी आणि ती पुन्हा उघडताच सारे पूर्ववत झालेले आढळावे, हा अनुभव भाषाभ्यासकांस नवा नाही. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जुळविलेल्या, म्हणजे ‘असेंबल’ केलेल्या संगणकाविषयी अशी तक्रार आली की दोष त्या भागांवर टाकला जातो. तो नेहमीच तेथे नसतो. त्याचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा हे सांगणे आणि त्यातील एका भाषिक कारणाकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम विस्मृतीची व्याप्ती पाहावी. वीज बंद होताच घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डावरील ३ व्होल्टांची चपटी बॅटरी बदलावी. परंतु आज्ञावल्यांची सेटिंग्ज डिस्कवर असतात, त्यामुळे केवळ बॅटरी बदलून ती टिकू लागणार नाहीत. सर्वच आज्ञावल्या विसरत असतील, तर विंडोजने मूळ प्रोफाइल न उघडल्यामुळे तात्पुरते प्रोफाइल दिले असण्याचा संभव आहे; त्यातील बदल बाहेर पडताच टाकून दिले जातात. एकच आज्ञावली विसरत असेल, तर ती आपली नोंद कोठे लिहू पाहते हे शोधावे. २००७ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्यास आज्ञावल्यांच्या सामाईक फोल्डरात थेट लिहिता येत नाही. नोंदीची जागा वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असावयास हवी.

येथेच भाषेचा प्रश्न उद्भवतो. संगणकावर स्थानिक खाते उघडताना जे नाव प्रथम टंकित करावे, तेच या फोल्डरास मिळते. पनवेल तालुक्यातील शिरढोण, म्हणजे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मग्राम, हे नाव कोणी खात्यास दिले असे समजू. उच्चारात व लेखनात त्याची चार अक्षरे: शि, र, ढो, ण. युनिकोडमध्ये मात्र स्वरचिन्हे स्वतंत्र मोजली जात असल्याने संकेत सहा होतात. देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. परंतु विंडोजमधील जुन्या एकबाइटी वर्णतक्त्यांपैकी एकही देवनागरीसाठी नाही. त्या तक्त्यांवर विसंबणारी जुनी आज्ञावली हे नाव वाचते तेव्हा तिच्या हाती सहा प्रश्नचिन्हे येतात. विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह निषिद्ध आहे. साहजिकच पत्ता सापडत नाही, नोंद लिहिली जात नाही, आणि पुष्कळदा आज्ञावली त्याविषयी मौनच पाळते.

हे निदान पडताळण्यास आपल्या शास्त्रातील लघुतम जोडीची पद्धत उपयोगी पडते. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत एकाच ध्वनीचा भेद ठेवून आपण अर्थभेदाचे कारण निश्चित करतो. त्याचप्रमाणे दोन नवी खाती उघडावीत: एक रोमन नावाचे, दुसरे देवनागरी नावाचे, बाकी सर्व समान. दोन्हींत तीच आज्ञावली उघडून एकच सेटिंग बदलावे, आज्ञावली रीतसर बंद करावी व पुन्हा उघडावी. पहिल्यात बदल टिकला आणि दुसऱ्यात टिकला नाही, तर कारण नावाच्या लिपीत आहे. दोन्हींत टिकला, तर मूळ खात्यातच बिघाड आहे. दोन्हींत न टिकल्यास लेखनाची परवानगी वा आज्ञावलीच तपासावी.

उपाय सोपा आहे. खाते प्रथम रोमन नावाने उघडावे व नंतर त्याचे दर्शनी नाव देवनागरीत करावे. फोल्डरचे मूळ नाव त्याने बदलत नाही. मात्र ही केवळ तडजोड होय. २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून आज्ञावलीकारास युटीएफ-८ हा संकेत स्वीकारण्याची सोय उपलब्ध आहे. यास्तव अशी आज्ञावली आढळल्यास तिच्या कर्त्यास कळविणे अगत्याचे ठरते. मराठीत आपले नाव लिहिणाऱ्याकडून चूक झालेली नसते. ते नाव वाचता न येणे हे आज्ञावलीचे न्यून आहे.