भाव कमी करताय? आधी खर्च कुठे कमी केलात ते सांगा! (स्वस्त विमानाने आयर्लंडवारी आणि तिचा हिशेब)



आमच्या प्रत्येक बॅचमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं. "ताई, सुरुवातीला भाव कमी ठेवतो, गिऱ्हाईक लागलं की मग वाढवतो." मी उलट विचारते, "शेजारच्या दुकानापेक्षा तुझा भाव कमी असणार, ठीक आहे. पण तुझा खर्च त्याच्यापेक्षा कुठे कमी आहे?" इथे वर्ग गप्प होतो.

गप्प होण्यासारखंच आहे, कारण पणाला लागलेला पैसा साधा नसतो. बहुतेकांचं भांडवल म्हणजे वडिलांच्या पीएफची रक्कम, आईच्या पाटल्या किंवा सोसायटीचं कर्ज. म्हणून आधी एक साधा हिशेब करा. ४०० रुपयांना आणलेली बॅग तुम्ही ५०० ला विकता, सुटतात १००. गिऱ्हाईक ओढायला १० टक्के सूट दिली, बॅग ४५० ला गेली, सुटले ५०. सूट १० टक्क्यांची, पण नफा निम्म्यावर आला. आता तेवढेच पैसे कमवायला दुप्पट बॅगा विकायला हव्यात. दुकानभाडं, लाइट बिल, पोऱ्याचा पगार मात्र जिथल्या तिथे.

मग स्वस्तात विकून कोणी मोठं होतच नाही का? होतं की! या आठवड्याच्या व्हिडिओत तुम्ही आयर्लंडचा पाऊस आणि हिरवळ पाहिलीत. इथे मी त्या तीन दिवसांचा धंद्याच्या नजरेने हिशेब मांडते.

दौरा थोडक्यात

माझा दादा लंडनला असतो. माझी आतेबहीण आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात नर्स आहे आणि तिचे यजमान तिथलेच, पक्के आयरिश. म्हणजे आपल्याला भावोजी आयरिश, ताईच्या सासूबाई आयरिश, चुलत सासरे आयरिश! तसं आयर्लंडचं आणि आपलं नातं नवीन नाही. २०१७ मध्ये तिथले पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.

जाणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. पण भारतीयांना ब्रिटनचा व्हिजिट व्हिसा मिळताना त्यावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद असेल, तर त्याच व्हिसावर ब्रिटनमध्ये आधी उतरून पुढे आयर्लंडला जाता येतं. माझ्या व्हिसावर ती होती.

लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून मेयोतल्या नॉक विमानतळापर्यंत रायनएअरचं तिकीट काढलं. आठवड्याचा मधला दिवस, सीझन नाही, त्यामुळे जाऊन-येऊन ३९ पौंड. गंमत म्हणजे लंडन शहरातून स्टॅनस्टेडला रेल्वेने जायचं-यायचं भाडंही जवळपास तेवढंच झालं. दुसरा देश गाठायला जेवढे पैसे, तेवढेच विमानतळ गाठायला!

इतकं स्वस्त परवडतं कसं? ते आता बघू.

१. भाव आधीही कमीच होता, नफा नंतर आला

रायनएअर ही आयरिश कंपनी. १९८५ मध्ये वॉटरफर्ड ते लंडन गॅटविक अशी तिची पहिली सेवा सुरू झाली, १५ आसनी छोट्या विमानाने. पुढच्या वर्षी डब्लिन-लंडन मार्गावर तिने जुन्या कंपन्यांच्या निम्म्याहून कमी भाडं लावलं. प्रवासी धावत आले. आणि कंपनी? सुरुवातीची काही वर्षं तोट्यात! कारण भाडं स्वस्त होतं, पण थाट महागाचा होता: वेगवेगळ्या जातींची विमानं, बिझनेस क्लास, नेहमीच्या प्रवाशांसाठी सवलत योजना.

१९९० च्या सुमारास त्यांनी धंदा उलटापालटा केला. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीची पद्धत अभ्यासली, थाट काढून टाकला. मायकल ओलिअरी १९९४ मध्ये प्रमुख झाले. पुढे बोइंग ७३७ हीच मुख्य जात ठेवली. भाव पूर्वीही कमी होता, आताही कमी. मधल्या काळात बदलला तो खर्च. आजच्या लेखातून एवढं एक वाक्य घेतलंत तरी माझी मेहनत वसूल.

विमानाची एकच जात म्हणजे पायलटचं प्रशिक्षण, मेकॅनिक आणि सुटे भाग बहुतांशी एकाच प्रकारचे. तुमच्या दुकानात हे कसं दिसेल? ४० कंपन्यांचा थोडाथोडा माल ठेवण्यापेक्षा ८ कंपन्यांचा चालणारा माल. घाऊकवाल्याकडे तुमची ऑर्डर मोठी होते आणि भाव पाडून मागायला तोंड मिळतं.

२. जमिनीवरचं विमान कमावत नाही

रायनएअरचं विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत २५ मिनिटांचं गणित असतं. तेवढ्यात माणसं उतरायची, साफसफाई व्हायची, नवी माणसं चढायची. सीट मागे झुकत नाही, समोर खिसाच नाही. सुरक्षेची सूचना पुढच्या सीटच्या पाठीला चिकटवलेली. मी आधी म्हटलं, किती ही काटकसर! मग डोक्यात प्रकाश पडला. खिसा नाही म्हणजे त्यात कचरा नाही, कचरा नाही म्हणजे साफसफाईची मिनिटं वाचली, आणि मिनिटं वाचली की दिवसाकाठी जास्त फेऱ्या.

तुमचं विमान म्हणजे शेल्फवरचा माल. समजा दोन दुकानं आहेत आणि दोघांकडे १ लाखाचा माल. पहिला ३० टक्के नफ्याने विकतो, वर्षात माल ३ वेळा फिरतो: ९० हजार सुटले. दुसरा १५ टक्क्यांवरच विकतो, पण माल ८ वेळा फिरतो: १ लाख २० हजार. स्वस्त विकायचा अधिकार या दुसऱ्याला आहे. पहिल्याने त्याचं बघून भाव १५ टक्क्यांवर आणला आणि माल ३ वेळाच फिरला, तर हातात राहतील ४५ हजार. त्यात भाडं तरी निघेल का?

३. मागेल त्याला, मागेल तेवढंच

मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात रायनएअरने २० कोटी प्रवासी नेले. तिकिटाची सरासरी रक्कम होती ४६ युरो. पण एकूण उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिकिटाबाहेरून आला: मोठी बॅग, पसंतीची सीट, आधी चढण्याची सोय, विमानातला चहा. मी गेले तेव्हा फुकट नेता येणारी बॅग होती ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर. ऑनलाइन चेक-इन न करता विमानतळावर गेलात तर दरपत्रकात ५५ पौंड, म्हणजे माझ्या जाऊन-येऊन तिकिटापेक्षा जास्त! आपला पासपोर्ट युरोपबाहेरचा, त्यामुळे सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर कागदपत्रं दाखवावी लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

तुमच्याकडे हे कसं करायचं? छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, ते डोक्यातून काढा. पण जी सेवा प्रत्येकाला नको असते, तिचा भार प्रत्येकाच्या बिलावर कशाला? बॅगेवर नाव घालणं, चेन बदलणं, घरपोच देणं, एका दिवसात ऑर्डर देणं, यांचे वेगळे दर लावा. पाटी मात्र गिऱ्हाइकाला दारातच दिसली पाहिजे. शेवटी बिलात उगवलेली रक्कम म्हणजे तुटलेलं गिऱ्हाईक.

४. दुसऱ्याचा नियम, आपला माल

माझं बॅगांचं दुकान, त्यामुळे नजर तिकडेच. या विमान कंपन्यांच्या मापाला बरोबर बसतील अशा बॅगा युरोपात ठिकठिकाणी विकायला असतात. नियम कंपनीचा, अडचण प्रवाशाची, धंदा तिसऱ्याचा! तुमच्या गावात शाळेने डब्याचं माप ठरवलंय का? कोचिंग क्लासने विशिष्ट फाइल मागितलीय का? परीक्षेला पारदर्शक पाउच लागतो का? नियमाची नोटीस लागते तिथे माल खपतो. नोटीस बोर्ड वाचत जा.

पाऊस, सासूबाई आणि वेगळा धडा

मेयोत उतरले ती पावसातच. आपल्यासारखा कोसळणारा नाही, दिवसभर बुरबुर. आयर्लंडच्या पश्चिमेला काही भागांत वर्षातले २२५ दिवस पाऊस असतो. आपण चार महिन्यांत उरकतो, ते लोक वर्षभर पुरवून पुरवून वापरतात! ताईच्या सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "आज दिवस मऊ आहे." रिमझिमीला तिथे असंच म्हणतात. चहा आपल्यासारखाच कडक, दूध घातलेला. सोबत ताकात मळून खायच्या सोड्यावर फुगवलेला गरम पाव. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तुपातले लाडू दादाकडेच ठेवून मी गोडा मसाला आणि कोकम नेलं होतं.

पाऊस थांबायची वाट तिथे कोणी बघत नाही. जवळच्या फॉक्सफर्ड गावात मॉय नदीच्या पाण्याच्या जोरावर ॲग्नेस मॉरो-बर्नार्ड नावाच्या ननने १८९२ मध्ये लोकरीची गिरणी काढली, गरिबांच्या हाताला काम मिळावं म्हणून. तिथली ब्लँकेट्स आजही विकली जातात. गारठा आणि ओल हीच गिरणीची बाजारपेठ. "ताई, पावसाळ्यात धंदा बसतो" म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

खरा कामाचा धडा गावातल्या किराणा दुकानात मिळाला. पाटी 'सेंट्रा'ची, गल्ल्यावर मात्र गावातलेच मालक. कॉर्क शहरातली मुसग्रेव्ह ही १८७६ पासूनची घाऊक कंपनी 'सेंट्रा' आणि 'सुपरव्हॅल्यू' ही नावं चालवते, पण बरीचशी दुकानं स्थानिक मालकांची. खरेदी एकत्र, मोठ्या भावात. ओळखपाळख मात्र मालकाची स्वतःची. त्या बाईंनी सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, मग सामान दिलं.

इथे विमान कंपनीची नक्कल थांबवायची. विमानातला प्रवासी आज भेटला, पुन्हा वर्षाने. तुमचं गिऱ्हाईक मागच्या गल्लीत राहतं, हळदीकुंकवाला भेटतं. खर्चात रायनएअर व्हा, वागण्यात त्या दुकानदार बाई व्हा. एकट्याची ऑर्डर लहान पडत असेल तर चार दुकानदार मिळून घाऊक खरेदी करा. आपल्याकडे सहकाराची परंपरा आहे, ती साखर आणि दुधापुरतीच का ठेवायची?

गृहपाठ

वहीत तीन उत्तरं लिहा.

१. शेजारच्या स्पर्धकापेक्षा माझा कोणता खर्च कमी आहे? रक्कम लिहा, "मेहनत" हे उत्तर चालणार नाही.

२. माझा माल वर्षात किती वेळा फिरतो? वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले दुकानातला सरासरी माल.

३. अशी कोणती सेवा आहे जी मी सगळ्यांना फुकट देतो, पण हवी असते मोजक्यांना?

पहिल्याचं उत्तर कोरं राहिलं तर "उद्घाटनानिमित्त भव्य सूट"चा बॅनर छापायला टाकू नका. आधी खर्चाला कात्री, मग भावाला.

दुसऱ्या प्रश्नाचं गणित अडलं तर आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातलीच दोन-तीन उदाहरणं सोडवू. भेटू या!