नुसता पत्ता पुरत नाही

मुलांनो, तुमच्यापैकी अनेक जण चाळीत किंवा मोठ्या इमारतीत राहत असतील. तुमच्या घरी पत्र कसे पोचते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? पाकिटावर फक्त इमारतीचे नाव असेल, तर पोस्टमन जिन्यापाशी येऊन थांबतो. इमारतीत चाळीस खोल्या आहेत. मग हे पत्र कोणाचे? पाकिटावर खोली क्रमांक असेल, तरच ते योग्य दारात पडते. शिवाय पत्राचे उत्तर यायला हवे असेल, तर पाठवणाऱ्याचाही पूर्ण पत्ता पाकिटावर असावा लागतो.

संगणकांचे जाळे याच रीतीने चालते. जाळ्यावरील संगणकाला अंकांचा एक पत्ता असतो. त्याला 'आयपी पत्ता' म्हणतात. पण एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. एकीकडे निकालाचे पान उघडलेले असते, दुसरीकडे टपाल येत असते, तिसरीकडे गाणे वाजत असते. आलेली माहिती यांपैकी कोणत्या कामासाठी आहे, हे कळावे म्हणून आणखी एक अंक लागतो. त्या अंकाला 'पोर्ट' म्हणतात. थोडक्यात, आयपी पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे खोली क्रमांक.

पोर्टचे अंक ० पासून ६५,५३५ पर्यंत असतात. काही अंक ठरलेले आहेत. सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३, साध्या संकेतस्थळासाठी ८०, तर टपाल पोचवण्यासाठी २५ हा पोर्ट वापरतात. आपला संगणक मात्र आपल्या बाजूने एखादा मोकळा अंक निवडतो, उदाहरणार्थ, ५०,०००. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट, अशा चार गोष्टी मिळून एका जोडणीची ओळख पटते. हे नियम १९८१ साली लिहून प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील 'आर्पानेट' या जाळ्याने १ जानेवारी १९८३ पासून या पद्धतीचा स्वीकार केला.

त्या काळी ठरलेल्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होऊ शकत होते. तेव्हा हा आकडा फार मोठा वाटला. पण पुढे जाळे जगभर पसरले. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गट वाटून झाले. अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धत निघाली आहे आणि ती वापरातही आहे. परंतु जुने पत्ते अजून सर्वत्र वापरले जातात. म्हणून एक पत्ता अनेकांनी वाटून घ्यायची युक्ती करतात. शाळेतील वीस संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. काही मोबाइल कंपन्याही आपल्या अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून देतात.

मग बाहेरून आलेले उत्तर नेमक्या संगणकाला कसे मिळते? त्यासाठी दारावर 'राउटर' नावाचे यंत्र असते. ते एक नोंदवही ठेवते. आतल्या कोणत्या संगणकाने, कोणत्या पोर्टवरून, बाहेर कोणाशी जोडणी केली, हे त्या वहीत लिहिलेले असते. दोन संगणकांनी योगायोगाने ५०,००० हाच पोर्ट निवडला, तर राउटर एकासाठी बाहेर ५०,००१ असा वेगळा अंक वापरतो आणि तशी नोंद करतो. उत्तर आले की वही पाहून ते योग्य संगणकाकडे पाठवतो. ही वही माणूस लिहीत नाही, आज्ञावली लिहिते. आज्ञावली मात्र माणूसच लिहितो, आणि माणसाकडून चूक होऊ शकते.

समजा, एका तरुणाने एका संकेतस्थळासाठी अशीच नोंद ठेवणारी आज्ञावली लिहिली. त्याची मोठी बहीणही याच क्षेत्रात काम करते. तो तिला म्हणाला, "आपा, माझी आज्ञावली तयार झाली. मी घरी चालवून पाहिली. एकही चूक निघाली नाही."

आपा म्हणाली, "घरी किती संगणक होते?"

"एकच."

"मग चूक निघणार कशी? दाखव पाहू."

तिने एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता ती एका ठिकाणी थांबली.

"अरे, तू येणाऱ्याचा पत्ता लिहितोस, वेळ लिहितोस. पण पोर्ट कुठे आहे?"

"पत्ता आहे ना, आपा! पोर्ट कशाला हवा? उगाच वही मोठी होईल."

"नीट ऐक. उद्या कोणीतरी या संकेतस्थळावर खोटे नाव घालून दुसऱ्याचे पैसे काढले. तपास करणारे तुझी वही उघडतील. त्यांना एक पत्ता मिळेल. त्या पत्त्यामागे एक आख्खी इमारत असू शकते. त्यातला गुन्हेगार कोण आणि निरपराध कोण, हे तुझी वही सांगू शकेल का?"

तरुण गप्प झाला. त्याने एक ओळ वाचवली होती. पण त्या ओळीवर कोणाची तरी अब्रू अवलंबून होती.

मुलांनो, ही काळजी काल्पनिक नाही. एक पत्ता अनेक जण वापरू लागल्यावर जाळ्याचे नियम ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी जून २०११ मध्ये एक सूचना प्रसिद्ध केली. संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी येणाऱ्याच्या पत्त्याबरोबर त्याचा पोर्ट आणि अचूक वेळही नोंदवावी, असे तिच्यात सांगितले आहे. वेळ अचूक का हवी? कारण आत्ता एकाने वापरलेला पोर्ट थोड्या वेळाने दुसऱ्याला मिळू शकतो.

आपाने पुढे वाचले. तिला दुसरी चूक दिसली. पोर्टचा अंक संगणकात दोन भागांत ठेवतात. मोठ्या भागात २५६ च्या पटी आणि लहान भागात उरलेला अंक असतो. उदाहरणार्थ, ४४३ म्हणजे १ × २५६ + १८७. जाळ्यावरून पाठवताना मोठा भाग आधी पाठवतात. आपल्याकडील बहुतेक संगणकांच्या स्मृतीत मात्र लहान भाग आधी असतो. आज्ञावलीने भागांची अदलाबदल केली नाही, तर काय होईल? १८७ × २५६ + १ म्हणजे ४७,८७३ असा अंक वहीत लिहिला जाईल! तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. मराठीची ओळ उर्दूच्या दिशेने वाचली, तर अर्थ लागेल का? ही चूक त्याच जातीची आहे.

या दोन पद्धतींवरून संगणकतज्ज्ञांमध्ये एके काळी मोठा वाद होता. डॅनी कोहेन यांनी १९८० साली त्यावर एक गमतीदार लेख लिहिला. जोनाथन स्विफ्ट यांच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या १७२६ सालच्या पुस्तकात, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून बुटकी माणसे भांडतात. कोहेन यांनी या दोन पद्धतींना त्या भांडणातील दोन पक्षांचीच नावे दिली. ती नावे आजही वापरतात. कोणती बाजू निवडावी यापेक्षा सर्वांनी एकच बाजू निवडावी, हे महत्त्वाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

"आता शेवटचा प्रश्न," आपा म्हणाली. "राउटरच्या वहीतल्या जुन्या नोंदी कधी पुसतात, ठाऊक आहे का? तुझ्या पुढच्या कामात ते लागेल."

"जोडणी थोडा वेळ शांत झाली की लगेच!"

"घाई करू नकोस. लवकर पुसल्या, तर चालू असलेली जोडणी तुटेल. कोणी प्रवेशाचा अर्ज भरत असेल, तर तो अर्धाच राहील. कधीच पुसल्या नाहीत, तर वही भरून जाईल आणि नवीन माणसाला जागाच उरणार नाही."

याबाबतही २००८ साली एक नियम सुचवला गेला. पक्की झालेली जोडणी शांत असली, तरी तिची नोंद निदान २ तास ४ मिनिटे ठेवावी, असे त्यात म्हटले आहे.

आज्ञावली दुसऱ्याकडून वाचून घेण्याची ही रीत नवी नाही. मायकेल फॅगन यांनी आयबीएम या कंपनीत काम करताना तपासणीची एक शिस्तबद्ध पद्धत तयार केली आणि १९७६ साली ती लेखातून मांडली. आपण लिहिलेले आपण वाचतो, तेव्हा डोळ्यांना कागदावरचे दिसत नाही, मनातले दिसते. निबंधातील आपल्या चुका आपल्याला सापडत नाहीत, पण शेजारच्या मित्राला त्या चटकन दिसतात. हा तुमचाही अनुभव असेल.

त्या तरुणाला आधी थोडे वाईट वाटले. मग त्याने पोर्ट नोंदवणारी ओळ लिहिली. अंकाचे भाग नीट लावले. या वेळी त्याने एकाच पत्त्यामागे दोन संगणक ठेवून चाचणी घेतली. वहीत दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या उमटल्या.

आपली चूक कोणी दाखवली, तर त्यात आपला अपमान नसतो. आपल्या कामावर ज्यांचा भरवसा आहे, अशा अनोळखी माणसांचे त्यामुळे रक्षण होते.

स्वाध्याय

१. एका जोडणीची ओळख कोणत्या चार गोष्टींनी पटते?
२. एक पत्ता अनेकांनी वाटून घेण्याची वेळ का आली?
३. वहीत पोर्ट नसेल, तर निरपराध माणूस अडचणीत कसा येऊ शकतो? तुमच्या शब्दांत लिहा.
४. ८० या पोर्टच्या दोन भागांची अदलाबदल झाली, तर कोणता अंक मिळेल? गणित करून पाहा.
५. तुमचा एखादा निबंध मित्राला किंवा मैत्रिणीला तपासायला द्या. कोणत्या चुका सापडल्या, त्या वहीत लिहा.